जुन्या स्पोर्ट्स कारची ठिणगी जपताना...

देखणी, चकचकीत जुनी स्पोर्ट्स कार रस्त्यात बंद पडते, तेव्हा बरेचदा दोष इंजिनाचा नसतो, तर मूठभर आकाराच्या प्रज्वलन यंत्रणेचा असतो. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि प्लग ही ती साखळी. पॉइंट उघडताच कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि रोटर तो योग्य प्लगपर्यंत पोहोचवतो. यातील एक दुवा निकामी झाला, तरी गाडी जागेवरून हलत नाही.

हे भाग मिळवणे आज सोपे राहिलेले नाही. बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेसारख्या गावात प्रामुख्याने ट्रॅक्टर दुरुस्त होतात आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. शिवाय, पॉइंट लावण्याची सवय असलेले जुने मेकॅनिकही आता कमी होत चालले आहेत. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्यातील जुन्या सुट्या भागांची दुकाने आणि हौशी मालकांचे क्लब हेच मुख्य आधार उरले आहेत.

ब्रिटिश 'एमजी' गाड्यांच्या मालकांना मात्र एक मोठा दिलासा आहे. १९५५ मध्ये आलेल्या 'एमजीए'चे १४८९ घनसेंटीमीटरचे 'बी सीरिज' इंजिन आणि भारतीय 'अॅम्बेसेडर'चे जुने पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातील. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे सुटे भाग जुन्या दुकानांत शोधता येतात. ही विद्युत सामग्री चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसने भारतातच बनवली. तथापि जुना भाग शेजारी ठेवून आकार ताडल्याशिवाय खरेदी करू नये. पूर्ण डिस्ट्रिब्युटर तर बदलूच नये. इंजिनाचा वेग वाढताच ठिणगी किती आधी पडावी, याचे गणित स्पोर्ट्स कार आणि प्रवासी मोटारीत वेगळे असते. ते चुकल्यास इंजिन ठोके देते आणि पिस्टनला इजा पोहोचू शकते.

नव्याने बनवलेले भाग घेतानाही सावधगिरी हवी. स्वस्त कंडेन्सर लवकर दगा देतात. रोटरमधील पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असल्यास तेथून दाब गळण्याचा धोका असतो. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मीटरने मोजावा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा तो सुमारे ३ ओहम असतो, तर बॅलास्ट रोधासह चालणाऱ्या कॉइलचा सुमारे दीड ओहम. दुसरी कॉइल पहिलीच्या जागी लावल्यास ती तापते व पॉइंट जळतात.

बदलण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी, रोटरची दिशा खुणावून ठेवावी आणि प्रत्येक वायरला क्रमांक द्यावा. या इंजिनांचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असून रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. लुकासच्या पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. अंतर बदलले की टायमिंगही बदलते, त्यामुळे ते शेवटी पुन्हा तपासणे अनिवार्य ठरते. १९६७ पूर्वीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीत नेहमीचे इलेक्ट्रॉनिक उपकरण लावल्यास ते क्षणात जळते.

इलेक्ट्रॉनिक पर्याय निवडला, तरी जुने भाग फेकू नयेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. तेव्हा डबीत जपलेला जुना पॉइंट संच अडचणीच्या प्रसंगी तर उपयोगी पडतोच, पण गाडीचे मूळपण राखण्यासही तोच कामी येतो.