पुनरुत्थानाची श्रद्धा आणि देहाचा निरोप : रेव्हरंड टिळकांची अंतिम इच्छा

ख्रिस्ती माणसाची पुनरुत्थानावरील श्रद्धा ईस्टरच्या उपासनेपुरती मर्यादित नसते. घरात मृत्यू घडला की तिचा खरा कस लागतो. देह पुन्हा उठणार, म्हणून तो पुरावा, ही रूढी मुंबईच्या ख्रिस्ती समाजात दृढ होती; परळनजीकची शिवडीची दफनभूमी तिची साक्ष देते. या पार्श्वभूमीवर अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची अंतिम इच्छा लक्षणीय ठरते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी येथेच जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. देहाला अग्नी द्यावा, अस्थी मात्र अहमदनगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुराव्यात, असे त्यांनी लिहून ठेवले होते व तसेच झाले. यात कोणाला हिंदू संस्कारांकडे परतणे दिसेल, परंतु ते मत टिकणारे नाही. अस्थी नदीत विसर्जित झाल्या नाहीत. श्रद्धावंतांच्या शेजारी भूमीत विसावल्या. पुनरुत्थान देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, प्रेताच्या अखंडतेवर नव्हे, हाच या निर्णयाचा आशय होय. रोमन कॅथलिक चर्चने दहनास मुभा दिली ती १९६३ मध्ये. अस्थी विखुरू नयेत, पवित्र स्थळी ठेवाव्यात, असे २०१६ च्या सूचनेत सांगितले. प्रॉटेस्टंट टिळकांनी हीच वाट कितीतरी आधी धरली होती.