कंदिलातली ओइवा

भूत म्हटले की आपल्याकडे आधी पावलांकडे पाहावयाचे. ती उलटी दिसली म्हणजे हडळ ओळखली! जपानी भुताची परीक्षा याहून सोपी; त्याला पाऊलच नसते. कमरेखाली देह धुरासारखा विरत जातो, अंगावर प्रेताचे पांढरे वस्त्र आणि मोकळे सुटलेले काळेभोर केस. ही ठेवण मारुयामा ओक्यो (१७३३-९५) या चित्रकाराने पाडली, असे तिकडे परंपरेने मानतात.

त्या काळी एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, शंभर वाती लावून भुताच्या गोष्टी सांगत बसण्याचा खेळ होता. गोष्ट संपली की एक वात विझवायची. शेवटची विझताच खरेच कोणी येते असा समज. म्हणून शहाणी मंडळी नव्व्याण्णवावर उठत!

या भुतांत माझे मन गुंतले ते ओइवापाशी. १८२५ साली चौथ्या त्सुरुया नान्बोकूने तिचे नाटक एडोच्या नाकामुरा-झा नाट्यगृहात आणले. सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुरायांच्या प्रसिद्ध नाटकाला जोडूनच ते दाखविले गेले. ओइवाचा नवरा इएमोन त्याच बुडालेल्या घराण्याचा चाकर. पण त्याला ना धन्याची चाड, ना बायकोची. शेजारच्या श्रीमंताची नात त्याच्यावर भाळते आणि ते लोक नुकत्याच बाळंत झालेल्या ओइवाला औषध म्हणून विष पाठवितात. ती बिचारी त्यांचे उपकार मानून ते घेते. मग आरशात स्वतःचा विद्रूप चेहरा पाहते. सारा कट कळतो. शेजाऱ्यांकडे जायचे म्हणून ती विवाहितेच्या रिवाजाप्रमाणे दात काळे करते, केस विंचरू लागते, आणि फणीबरोबर केसांचे झुबके हातात येतात. भूत पुढे यायचे आहे. मला तर हा जिवंतपणीचा प्रवेशच अधिक भयंकर वाटतो. त्या समाजात अशा बाईने दाद मागावी तरी कुठे? मेल्यावरच तिचे कोणी ऐकले.

पहिली ओइवा रंगविली तिसऱ्या ओनोए किकुगोरोने, म्हणजे पुरुष नटाने. पुढे ती जळत्या कंदिलातून बाहेर येऊ लागली. १८३१च्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या होकुसाईने तर कंदिलालाच तिचा चेहरा दिला. फाटलेला कागद हेच तिचे तोंड. दिवाळीत हौसेने आकाशकंदील टांगणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण चित्रात भयापेक्षा दुःखच जास्त आहे. 'शंभर गोष्टी' नावाच्या या मालिकेतील पाचच चित्रे आज माहीत आहेत. त्यांतल्या एकात, बशी हरवल्याच्या आळावरून विहिरीत मेलेल्या ओकिकू मोलकरणीची मानच बश्यांच्या चळतीची आहे.

चित्रपटांनी हा वारसा उचलला नसता तरच नवल. नाकागावा नोबुओने १९५९ साली ओइवा रंगीत पडद्यावर आणली. कोबायाशी मासाकीचा 'क्वाइदान' १९६४चा. १९६५ साली कान महोत्सवात त्याला ज्यूरींचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यातल्या चारही गोष्टी लाफ्काडिओ हर्नच्या. ग्रीसमध्ये जन्मलेला हा लेखक जपानी झाला, आणि अशा कितीतरी गोष्टी त्याला सांगितल्या त्याच्या बायकोने, सेत्सूने. कोबायाशीने आभाळसुद्धा रंगवून घेतले! हिमस्त्रीच्या गोष्टीत त्या आभाळातून प्रचंड डोळे वाटसरूंकडे टक लावून पाहतात. होकुसाई असता तर खूष झाला असता.

ओइवाची भूमिका करणारे नट मात्र आजही आधी योत्सुयातल्या तिच्या देवळात जाऊन तिला नमस्कार करून येतात.