प्रगतीचा बांध

‘प्रगती’ हा शब्द आज आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे, की ही कल्पना मानवाइतकीच जुनी असावी असे वाटते. वस्तुतः मानवसमाज पिढ्यानपिढ्या पुढेच जात राहील, हा विश्वास इतिहासात बराच उशिरा दृढ झाला. आपल्या देशात कृत, त्रेता, द्वापर आणि कली अशी उतरती युगे मानली गेली. ग्रीक कवी हेसिअड यानेही सुवर्णयुगापासून लोहयुगापर्यंतची घसरण वर्णिली. चांगले दिवस मागे पडले, अशीच पुष्कळ प्राचीनांची धारणा होती.

इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा जगच संपले असे अनेकांना वाटले. त्या हाहाकारानंतर संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. इतिहास हे त्याच त्या फेऱ्यांत फिरणारे चाक नसून त्याला आरंभ आहे आणि अंतिम ध्येयही आहे, असे त्यांनी मांडले. मात्र ते ध्येय कोणत्याही ऐहिक राज्यात पूर्णत्वास जाईल, असे त्यांनी मानले नाही.

ती आशा पृथ्वीवर उतरवली अठराव्या शतकाने. १७५० साली पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात तेवीस वर्षांच्या त्युर्गोने मानवी बुद्धीच्या प्रगतीवर भाषण केले. तेव्हा तो धर्मगुरुपदाच्या वाटेवर होता. पुढे ती वाट सोडून तो राज्यकारभारात शिरला. त्याचा मित्र काँदोर्से याने हा विचार पूर्णत्वास नेला. काँदोर्सेने १७८१ मध्ये टोपणनावाने गुलामगिरीचा निषेध केला, तर १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क मागितले. फ्रान्समधील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ साली!

१७९३ मध्ये क्रांतिकारकांनीच काँदोर्सेच्या अटकेचा हुकूम काढला. आठ महिन्यांहून अधिक काळ पॅरिसमधील एका घरात लपून त्याने मानवी प्रगतीच्या इतिहासाची रूपरेषा लिहिली. राष्ट्राराष्ट्रांतील विषमता नष्ट होईल, समाजातील विषमता कमी होईल आणि मनुष्य स्वतःही सुधारत जाईल, अशी त्याची भविष्यवाणी होती. मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि कोठडीतच मरण पावला. त्याच्या ग्रंथात धर्मगुरूंवर कठोर टीका आहे. तरीही मृत्यू दाराशी उभा असताना मानवजातीविषयी आशा बाळगणाऱ्या या मनुष्यापुढे आम्ही आदराने नतमस्तक होतो.

त्याची चूक मात्र इतिहासानेच दाखवून दिली. काँदोर्से लपून बसला असतानाच, फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावरील गुलाम मुक्त झाले. परंतु १८०२ साली नेपोलियनच्या राजवटीत ती पुन्हा लादली गेली आणि १८४८ मध्ये कायमची नष्ट झाली. त्या बेटावरील दहा वर्षांच्या एखाद्या मुलाची कल्पना करा. १७९४ मध्ये तो स्वतंत्र झाला; अठराव्या वर्षी पुन्हा गुलाम झाला आणि जगला असेलच तर चौसष्टाव्या वर्षी पुन्हा मुक्त झाला. शतकाच्या हिशेबात ही प्रगतीच ठरते. पण त्या मनुष्याच्या आयुष्यातली शेहेचाळीस वर्षे कोणी भरून द्यावी?

म्हणूनच प्रगती आपोआप घडते, असे मानणे धोक्याचे आहे. जे आपोआप घडते त्यासाठी कोणी जागे राहत नाही. शिवाय, वाटेत चिरडल्या गेलेल्यांकडे ‘भविष्यासाठी दिलेली किंमत’ म्हणून पाहण्याची सवय जडते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात यावर नेमके बोट ठेवले. केवळ आर्थिक वाढ म्हणजे विकास नव्हे. खरा विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. या कसोटीत ग्वाडेलूपच्या त्या मुलालाही स्थान आहे.

खाडीकाठच्या शेतकऱ्याला बांधाचे मोल सांगावे लागत नाही. पूर्वजांनी खाऱ्या पाण्यापासून जमीन राखली, म्हणून ती कायमची आपली झाली असे तो समजत नाही. बांध फुटला की एका भरतीत शेत खारे होते. मागच्या पिढ्यांनी मिळविलेले न्याय, शिक्षण आणि माणुसकी यांचेही तसेच आहे. आपल्या हाती आलेला बांध आपण शाबूत ठेवून पुढे देणार आहोत काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने विचारला जातो. आपल्यालाही त्याचे उत्तर द्यावयाचे आहे.