१८१२ चे युद्ध : स्वातंत्र्य नेमके कोणाचे?

जून १८१२ मध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. अमेरिकन खलाशांची ब्रिटिश नौदलात सक्तीने भरती, व्यापाराची कोंडी आणि आदिवासींच्या जमिनींची हाव ही त्याची कारणे. १८१३ मध्ये शॉनी आदिवासी नेता टेकुमसेह लढताना मारला गेला. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले. त्याच डिसेंबरात घेंटचा तह झाला.

पण गुलामांचे काय, हा आमचा प्रश्न आहे. सुमारे ४,००० गुलाम ब्रिटिशांकडे पळून मुक्त झाले. ब्रिटिश काही मुक्तिदाते नव्हते. त्यांच्याही वसाहतींत गुलामगिरी होतीच. पुढे १८२६ च्या करारानुसार ब्रिटनने सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली, तीही मालकांना! म्हणून 'देशद्रोही कोण' हे ठरवण्याआधी आपण विचारले पाहिजे : त्या देशाने त्यांना माणूस मानले होते का?