केसपेपरवरच्या वेळा काय सांगतात?

2017 सालचा यवतमाळचा खरीप हंगाम तुम्हाला आठवत असेल. डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधे एकत्र करून केलेली फवारणी आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले.

औषध कोणते होते, हे विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. डॉक्टर म्हणून मला आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा वाटतो. शेतापासून उपचारापर्यंत रुग्ण कोणत्या वाटेने आला आणि वेळ कुठे गेला?

ही वाट नोंदींमधून शोधण्याचे एक शास्त्र आहे. त्याला 'प्रोसेस मायनिंग' म्हणतात.

थोडा इतिहास

1962 मध्ये कार्ल अॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाने कामांचा क्रम वर्तुळे, चौकोन आणि बाण वापरून मांडण्याची पद्धत दिली. पण ते चित्र माणसाने आधी मनात ठरवून काढावे लागे. 1998 मध्ये रुरकीत शिकलेले राकेश अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: झालेल्या कामाच्या नोंदींवरूनच चित्र काढता येईल का? 2004 मध्ये नेदरलँड्सचे विल व्हॅन डर आल्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी 'आल्फा' ही रीत प्रसिद्ध केली. पुढे 2011 मध्ये एका डच रुग्णालयाच्या 1,143 रुग्णांच्या सुमारे दीड लाख नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या.

ही रीत चालते कशी?

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लागतात: रुग्णाचा क्रमांक, काय केले आणि केव्हा केले. मग नियम सोपा आहे. सगळ्या रुग्णांत 'तपासणी' नंतर लगेच 'अॅट्रोपिन' येते आणि उलट क्रम कधीच दिसत नाही, तर पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण काढायचा. काही रुग्णांत आधी 'रक्तनमुना' मग 'अॅट्रोपिन', तर काहींत उलट दिसते, म्हणजे ही दोन कामे एकमेकांसाठी थांबत नाहीत.

हा फरक जिवावरचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, घाम व लाळ सुटते, श्वास अडतो. अशी लक्षणे दिसली की रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. कुठे 'अहवाल आला' यानंतरच 'अॅट्रोपिन' दिसू लागले, तर चूक कुठे होते ते चित्रच सांगेल.

अडचण कुठे आहे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात एक केसपेपर, ग्रामीण रुग्णालयात दुसरा, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तिसरा. प्रत्येक ठिकाणी क्रमांक नवा. संगणकाच्या लेखी एकाच माणसाचे तीन रुग्ण होतात आणि वाट मध्येच तुटते. 2021 पासून देशभर सुरू झालेल्या 14 अंकी 'आभा' क्रमांकाचा उपयोग इथे होऊ शकतो, पण तो प्रत्येक कागदावर लिहिला गेला तरच.

दुसरी मर्यादा अशी की जे लिहिलेच नाही ते या शास्त्राला दिसत नाही. शेतात चक्कर आली, 'थोडे पडून राहतो' म्हणत संध्याकाळ झाली, हे तास कोणत्याच केसपेपरवर नसतात. ते तुम्हीच सांगू शकता.

म्हणून फवारणीनंतर त्रास झाला तर काम लगेच थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि 108 ला फोन करा. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. फवारणी केव्हा सुरू केली, त्रास केव्हा सुरू झाला, या दोन वेळा डॉक्टरांना सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी फेकू नका. त्या चिठ्ठीवरची वेळ आज तुमच्या उपचाराला उपयोगी पडेल आणि उद्या तुमच्या गावच्या दुसऱ्या कुणाची वाट छोटी करील.