छाप, नक्कल आणि कल्पना : अंबरनाथ-उल्हासनगरच्या लेबलांची गोष्ट

ग्राफिक डिझाइनचा इतिहास म्हटला की आपण लगेच मोठी नावं घेतो. जे.जे.मध्ये १९३५ साली सुरू झालेला कमर्शियल आर्टचा विभाग, किंवा अक्षरांना आयुष्य दिलेले र. कृ. जोशी. ती नावं घ्यायलाच हवीत. पण आज आपण कल्याणच्या पुढे जाऊ या, अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरकडे. इथल्या स्टुडिओंना कुणी कलेचं ठिकाण म्हणत नाही. उलट 'तिथे काय, सगळी कॉपी' असंच म्हणतात. हा आरोप इतिहासात कितपत टिकतो, ते तपासून बघू.

सुरुवात काडेपेटीपासून करू. पहिल्या महायुद्धापर्यंत आपल्याकडच्या काड्या बहुतेक परदेशातून यायच्या, स्वीडन आणि जपानमधून. १९२२ साली सरकारने आयात काडेपेट्यांवरचा कर वाढवून दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केला. मग स्वीडिश कंपनीने सरळ हिशेब केला : माल बाहेरून आणण्यापेक्षा इथेच कारखाना काढू. त्यातून वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विम्को, उभी राहिली आणि तिचा कारखाना अंबरनाथला आला. त्या भागाला लोक आजही विम्को नाका म्हणतात.

आता बघा, एका पेटीतली काडी दुसरीतल्या काडीसारखीच. मग गिऱ्हाईक ओळखणार कशावरून? चित्रावरून. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं. दुकानात येऊन कुणी कंपनीचं नाव घेत नसे, 'जहाज छाप द्या' म्हणत असे. 'छाप' या एका शब्दात ब्रँड, लोगो, पॅकेजिंग सगळं आलं. दोन बोटांएवढ्या कागदावर, दोन-तीन रंगांत, दिव्याच्या उजेडातही ओळखू येईल असं चित्र काढायचं, हे सोपं काम नव्हे.

शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. रंग वाढला की खर्च वाढला. त्यामुळे कलाकाराला आधी ठरवावं लागे की काय गाळायचं. जहाजाची डोलकाठी ठेवायची, दोर गाळायचे. कल्पना सुचते ती पुष्कळदा अशी, हिशेबाच्या कडेला बसून. मोकळ्या कागदापुढे बसलेल्या माणसाला ती लवकर भेटत नाही.

आणि नक्कल? ती तर सगळीकडेच होती. जपानी कारखान्यांनी स्वीडिश लेबलांचे नमुने जवळजवळ जसेच्या तसे उचलले होते. राजा रविवर्म्याच्या देवी युरोपातल्या काडेपेट्यांवर छापून आपल्याकडे विकायला येत होत्या. रविवर्म्याने स्वतः १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो काही वर्षांनी लोणावळ्यापलीकडे मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. गंमत अशी की मुंबईहून मळवलीला जाणारा लोहमार्ग हाच, अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा. म्हणजे केरळचा चित्रकार, जर्मन तंत्र, स्वीडिश काडी आणि आपली लक्ष्मी. यात अस्सल कोण आणि नक्कल कोण, सांगा बरं!

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, जवळपास लाखभर माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीची पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. 'कॅम्प नंबर एक ते पाच' हे पत्ते अजून चालतात.

या माणसांकडे जमीन नव्हती, जुनी पेढी नव्हती, ओळखीचं गिऱ्हाईक नव्हतं. घरात पापड, मिठाई, कपडे असं जे करता येईल ते केलं आणि विकायला काढलं. पण बाजारात अनोळखी माल उचलतो कोण? त्याला चेहरा लागतो. हा चेहरा म्हणजे लेबल. घाईत काढलेलं, कधी दुसऱ्याचं बघून काढलेलं. त्यातूनच 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद जन्मला. काहींनी दुसऱ्याचं नाव लावून माल खपवला, ती गिऱ्हाइकाची फसवणूकच. ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४० पासून आहे. पण दुसऱ्याची मांडणी बघून शिकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावाने विकणं वेगळं. एका विनोदाने अख्ख्या गावाची मेहनत झाकून टाकली, एवढंच आमचं म्हणणं आहे.

इथल्या स्टुडिओचा रोजचा दिवस बघा. ब्रश आणि ब्लॉकचा जमाना गेला, मग ब्रोमाइड कापून चिकटवण्याचा गेला, नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला. श्री-लिपीचे फॉण्ट आले, डीटीपीच्या पाट्या लागल्या. साधने बदलली, गिऱ्हाईक तेच. सकाळी जीन्सचा टॅग, दुपारी लग्नपत्रिका, संध्याकाळी गणेश मंडळाचा फ्लेक्स. 'भाऊ, नाव जरा मोठं करा, आणि साहेबांचा फोटो त्याहून मोठा.' एकाच टेबलावर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सिंधी. त्यातही सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, बावन्न अक्षरांची, उजवीकडून डावीकडे. आणि ज्यांना ती वाचता येत नाही त्यांच्यासाठी देवनागरीत. डावीकडून आणि उजवीकडून येणाऱ्या ओळी एका पत्रिकेत शोभतील अशा बसवणं, हे कुठल्याही मोठ्या स्टुडिओइतकंच डिझाइन आहे. बदलापूरहून पहाटेची लोकल धरून मुंबईच्या एजन्सीत जाणारी आजची मुलं-मुली बऱ्याचदा अशाच दुकानांत पहिलं काम शिकलेली असतात.

आणि आता खरी अडचण. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे, राजाचं नाव आहे. ज्यांनी दगड घडवला त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. लेबलांचंही तेच झालं. मालकाचं नाव छापलं, प्रेसचं कधीमधी, चित्र काढणाऱ्याचं जवळपास कधीच नाही. दगडाचं मंदिर निदान उभं तरी आहे. लेबल मात्र काडी संपली की कचऱ्यात, आणि फ्लेक्स उत्सव संपला की छपरावर ताडपत्री म्हणून.

नऊशे वर्षांपूर्वीचं आपल्या हातात नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी ब्रश धरलेली माणसं अजून कॅम्पात, अंबरनाथच्या चाळींत आहेत. घरात जुनं लेबल, पत्रिका, ब्लॉक सापडला तर फेकू नका. मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा : साल कुठलं, छापलं कुठे आणि काढलं कुणी. तिसरं उत्तर माहीत नसेल, तर आईवडिलांना, शेजारच्या काकांना विचारा. ते सांगू शकतील तोवरच विचारा.