स्टेम सेलनं हृदय पुन्हा तयार होतं का? परदेशात उपचारांसाठी जाण्याआधी हे वाचा

'बायपास नको, अँजिओप्लास्टी नको, तुमच्याच पेशी तुमचं हृदय बरं करतील.' असे दावे करणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला 'आता औषधांवरच राहायचं' असं डॉक्टर सांगतात, तेव्हा घरचे लोक परदेशातल्या अशा क्लिनिकचे पत्ते शोधू लागतात. जमीन विकायची, कर्ज काढायचीही तयारी असते. पण हा उपचार खरंच काम करतो का?

मुळात कल्पना काय आहे?

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाच्या स्नायूच्या एक अब्जापर्यंत पेशी मरू शकतात. मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी तयार होण्याचा वेग वर्षाला जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे मेलेल्या जागी व्रण राहतो आणि हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद घटते.

स्टेम सेल म्हणजे अशा मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. त्या हृदयात सोडल्या की नवा स्नायू तयार होईल, अशी ही कल्पना. २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरचा तसा प्रयोग प्रसिद्ध झाला. पण २००४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी तो करून पाहिला, तेव्हा अस्थिमज्जेतल्या पेशींपासून हृदयाचा स्नायू बनल्याचं दिसलं नाही. या क्षेत्रातलं मोठं नाव होतं पिएरो अनव्हर्सा. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलनं त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. कारण होतं, खोटी किंवा फेरफार केलेली माहिती.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात?

हार्ट फेल्युअरच्या ५३७ रुग्णांवरच्या 'ड्रीम-एचएफ' चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागणं कमी होईल, हा मुख्य हेतू साध्य झाला नाही. झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण मात्र कमी दिसलं, म्हणून संशोधन थांबलेलं नाही. पण संशोधन सुरू असणं आणि उपचार सिद्ध होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'पण अमक्याला फरक पडला!'

हवाईचे प्रसिद्ध गायक डॉन हो यांनी डिसेंबर २००५ मध्ये थायलंडमध्ये जाऊन हा उपचार घेतला. काही आठवड्यांत ते पुन्हा मंचावर गायला लागले. जगभर बातम्या झाल्या. १४ एप्रिल २००७ रोजी हृदय निकामी होऊन त्यांचं निधन झालं.

उपचारानं त्यांना फायदा झाला की नाही, हे एका रुग्णावरून ठरवताच येत नाही. सोबतची औषधं, विश्रांती आणि मनातली आशा यांनीही बरं वाटतं. म्हणूनच चाचणीत निम्म्या रुग्णांना खरा उपचार आणि निम्म्यांना नुसता दिखाऊ उपचार देऊन तुलना करतात. क्लिनिकच्या व्हिडिओत ही तुलना नसते.

भारतात नियम काय आहे?

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा मान्य उपचार आहे. बाकी आजारांसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. त्यानंतर २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी 'स्टेमप्युसेल' या उत्पादनाला मंजुरी दिली. पण ती पायाच्या धमन्यांमधला रक्तपुरवठा गंभीररीत्या अडलेल्या रुग्णांसाठी आहे, हृदयासाठी नाही.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

• ही चाचणी आहे की विक्री? प्रयोगातल्या उपचाराचे पैसे चाचणीत सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. मोठं बिल हाती दिलं, तर सावध व्हा.
• त्या देशाच्या औषध नियामकाची हृदयविकारासाठी मंजुरी आहे का? चाचण्यांच्या सरकारी यादीत नाव असणं म्हणजे मंजुरी नव्हे.
• पेशी कुणाच्या, किती आणि कोणत्या मार्गानं सोडणार? जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयाचे ठोके बिघडणं, हे धोके लेखी सांगितले आहेत का?
• भारतात परतल्यावर त्रास झाला तर जबाबदारी कुणाची आणि खर्च कुणाचा?
• चालू गोळ्या बंद करायला सांगतात का? स्टेंट बसवलेल्या रुग्णानं रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी स्वतःहून थांबवली, तर जीवावर बेतू शकतं.

मग करायचं काय?

सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्या. हार्ट फेल्युअरमध्ये मृत्यूचा धोका कमी करणारी औषधं आज उपलब्ध आहेत. योग्य रुग्णाला खास पेसमेकर, बायपास किंवा हृदय प्रत्यारोपण हेही पर्याय असतात. यातलं आपल्या रुग्णासाठी काय करून झालं आणि काय बाकी आहे, हे आधी विचारा. परदेशी क्लिनिकच्या मागे गेलेले पैसे कदाचित पुन्हा उभे करता येतील, पण सिद्ध उपचार सुरू करण्याची गेलेली वेळ परत मिळत नाही.